अंगणातला आर्माडिलो: टेक्ससमध्ये नव्याने घर घेतलेल्यांसाठी

डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनच्या उपनगरात पहिल्यांदाच स्वतंत्र घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना घराबरोबर हिरवळ मिळते आणि पुष्कळदा त्या हिरवळीबरोबर ती रात्रीतून उकरून जाणारा आर्माडिलो हा कवचधारी प्राणीही मिळतो. भारतात हा प्राणी नसल्यामुळे त्याच्याशी कसे वागावे याची वाडवडिलांकडून आलेली माहिती आपल्यापाशी नसते, आणि शेजारीपाजारी विचारावे तर प्रत्येक जण निराळा उपाय सांगतो. हा लेख अशा नवख्या घरमालकांसाठी आहे. यातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण बहुतेक लोक शेवटची पायरी, म्हणजे पिंजरा, सर्वांत आधी विकत आणतात. आर्माडिलो येतो तो मऊ, ओल्या मातीसाठी आणि तिच्यातल्या किड्यांसाठी. ती माती तशीच राहिली, तर एक आर्माडिलो गेल्यावर दुसरा येण्यास काहीच अडचण उरत नाही.

प्राणी कोणता आणि कसा

टेक्ससमध्ये दिसतो तो नऊपट्टी आर्माडिलो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो साधारण अडीच फूट लांब असतो आणि त्याचे वजन 8 ते 17 पौंड भरते. नाव नऊपट्टी असले, तरी पाठीवरचे पट्टे 7 पासून 11 पर्यंत कितीही असू शकतात. कोकणातून आलेल्या वाचकांना त्याला पाहून खवले मांजराची आठवण होईल. पण या दोघांचे नाते जवळचे नाही. खवले मांजराचे खवले आपल्या नखांप्रमाणे केराटिनचे असतात, तर आर्माडिलोचे कवच त्वचेतच तयार झालेल्या हाडांच्या लहान तुकड्यांचे असते. घाबरल्यावर अंगाची गुंडाळी करणे हेही नऊपट्टी आर्माडिलोला जमत नाही. चित्रांतून दिसणारा, पूर्ण गोल होणारा तीनपट्टी आर्माडिलो दक्षिण अमेरिकेतला आहे. आपल्या अंगणातला दचकला, तर जागच्या जागी तीन-चार फूट उंच उडी मारतो आणि मग पळत सुटतो. रस्त्यावर त्याचा जीव याच सवयीमुळे जातो, कारण जी मोटार एरवी त्याच्या अंगावरून निघून गेली असती, तिच्याच पुढच्या भागावर तो उडी मारून आदळतो.

हा प्राणी मूळचा दक्षिणेकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो मेक्सिकोतून रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्ससमध्ये आला आणि तेव्हापासून उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत नेब्रास्का आणि इलिनॉयपर्यंत पोहोचला आहे. 1930 च्या दशकातील मंदीत गरीब लोक त्याला मारून खात असत आणि त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांवर राग काढत त्याला ‘हूवर हॉग’, म्हणजे हूवरचे डुक्कर, म्हणत. त्याच प्राण्याला टेक्ससने 1995 मध्ये राज्याचा लहान सस्तन प्राणी म्हणून मान दिला.

बंदोबस्ताच्या दृष्टीने त्याच्या काही सवयी माहीत असणे आवश्यक आहे. त्याची नजर अधू असते, परंतु घ्राणेंद्रिय इतके तीक्ष्ण असते की मातीखाली काही इंचांवर असलेली अळी त्याला वासाने कळते. त्याच्या आहारात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा किडे, अळ्या आणि तत्सम लहान जिवांचा असतो: भुंगेऱ्यांच्या अळ्या, गांडुळे, मुंग्या, वाळवी, गोगलगायी, प्रसंगी विंचूसुद्धा. त्याचे दात खुंटांसारखे असून त्यांवर एनॅमल नसते, त्यामुळे तो तुमची मेथी किंवा वांगी खाण्यासाठी येत नाही. मेथीच्या वाफ्यातली भुसभुशीत माती उकरताना रोपे आपोआप उपटली जातात. उन्हाळ्यात तो सूर्यास्तानंतर बाहेर पडतो आणि थंडीत मात्र उबदार दुपारी हिंडतो. अंगावर केस आणि चरबी दोन्ही कमी असल्यामुळे त्याला हिवाळाभर झोपून राहता येत नाही; कडाक्याची थंडी फार दिवस टिकली, तर तो जगत नाही.

पहिली पायरी: खड्डे कोणाचे आहेत ते ठरवा

हिरवळ उकरलेली दिसली की दोष आर्माडिलोवर टाकण्याची घाई करू नये, कारण रॅकून, स्कंक, खार, गोफर (जमिनीखाली बिळे करणारा उंदरासारखा प्राणी) आणि रानडुक्कर हे सर्वच अंगणे उकरतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आर्माडिलोचे खड्डे शंकूच्या आकाराचे, एक ते तीन इंच खोल आणि तीन ते पाच इंच रुंद असतात. ते एकमेकांपासून थोड्या अंतरावर, वाट काढत गेल्यासारखे विखुरलेले आढळतात. रॅकून गवताचा थर सतरंजी उलटावी तसा गुंडाळून उलटा टाकतो. गोफर उघडा खड्डा ठेवत नाही, मातीचा ढीग ठेवतो. खारीचा खड्डा दोन बोटे मावतील एवढाच असतो. रानडुकरांच्या बाबतीत शंका घ्यायला जागाच उरत नाही: सबंध हिरवळ नांगरल्यासारखी दिसते, आणि तो प्रश्न या लेखाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे संध्याकाळी खड्ड्यांजवळच्या उघड्या मातीवर बारीक वाळू पसरून ठेवणे. आर्माडिलोच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे असतात, आणि पावलांच्या मधून शेपूट फरफटल्याची रेघ पुष्कळदा उमटते. घराच्या दाराशी कॅमेरा असेल, तर तो एक-दोन रात्री अंगणाकडे वळवून ठेवला तरी काम होते.

दुसरी पायरी: काही करायचे आहे का, याचा निर्णय

हिरवळीतले खड्डे आणि घराच्या पायाशी असलेले बीळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खड्डे दिसायला वाईट दिसतात, घरमालक संघटनेकडून एखादे पत्र येऊ शकते, आणि संध्याकाळी फिरताना त्यात पाय मुरगळण्याचा धोका असतो. पण सकाळी उडालेली माती खड्ड्यात परत ढकलून पायाने दाबली आणि थोडे पाणी घातले, तर बर्म्युडा गवत काही आठवड्यांत ती जागा भरून काढते. आर्माडिलो आठवड्यातून एखादवेळी फिरकत असेल आणि अंगणाच्या मागच्या कोपऱ्यातच उकरत असेल, तर माझे मत असे की त्याला येऊ द्यावे. तो हुमणी, म्हणजे गवताची मुळे खाणारी भुंगेऱ्यांची अळी, खातो, फायर अँट नावाच्या चावऱ्या मुंग्यांची वारुळे फोडतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही.

याउलट घराच्या पायाखाली, ड्राइव्हवेच्या काँक्रीटखाली, लाकडी डेकखाली किंवा वातानुकूलन यंत्राच्या चौथऱ्याखाली बीळ सापडले, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. बिळाचे तोंड सात-आठ इंच रुंद असते आणि आतला मार्ग 15 फूट किंवा त्याहूनही लांब जाऊ शकतो. काँक्रीटखालची माती एवढी निघून गेली की वरचा भाग आधाराविना राहतो आणि पावसाचे पाणी आत शिरायला वाट मिळते. अशा वेळी पुढच्या दोन पायऱ्या सोडून थेट बिळाच्या पायरीकडे जावे.

तिसरी पायरी: पाणी कमी करा

टेक्ससच्या उन्हाळ्यात आसपासची रानातली जमीन दगडासारखी टणक होते आणि किडे खोल जातात. त्या काळात रोज संध्याकाळी स्प्रिंकलरने भिजणारे अंगण हे आर्माडिलोला मैलभर परिसरातले सर्वांत सोयीचे खाण्याचे ठिकाण वाटल्यास नवल नाही. घर ताब्यात घेतल्यावर स्प्रिंकलरचे वेळापत्रक पूर्वीच्या मालकाने लावलेलेच चालू राहते, हे बहुतेक नवख्यांच्या लक्षात येत नाही. ते नियंत्रक यंत्र गॅरेजमध्ये किंवा त्याच्या बाहेरच्या भिंतीवर असते. ते उघडून पाहावे. हिरवळीला आठवड्यातून एकूण सुमारे एक इंच पाणी पुरते, आणि ते रोज थोडे थोडे देण्याऐवजी एकदा किंवा दोनदा भरपूर द्यावे. किती पाणी पडते हे मोजण्यासाठी ट्यूना माशाचा रिकामा डबा गवतावर ठेवावा व तो एक इंच भरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. पाण्याची वेळ पहाटेची ठेवावी, म्हणजे दिवसभरात वरचा थर सुकतो आणि आर्माडिलोच्या फिरण्याच्या वेळी माती घट्ट झालेली असते. गळका नळ, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी, कायम ओला राहणारा कुंडीखालचा भाग हेही याच वेळी पाहून घ्यावे. झाडांच्या बुंध्याशी घातलेला लाकडाच्या भुशाचा जाड थर खाली ओलावा आणि किडे धरून ठेवतो. तो दोन-तीन इंचांपेक्षा जाड ठेवू नये.

चौथी पायरी: हुमणी मोजा

ऊस पिकवणाऱ्या घरातून आलेल्यांना हुमणी वेगळी सांगायला नको. पांढुरकी, लाल-तपकिरी डोक्याची, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली ही अळी येथे जून बीटल नावाच्या भुंगेऱ्यांची असते आणि गवताची मुळे खाते. फवारणीचा विचार करण्याआधी ती खरोखर किती आहे ते मोजावे. त्यासाठी फावड्याने एक फूट लांब आणि एक फूट रुंद चौकोन तीन बाजूंनी कापावा, गवताचा थर झाकणासारखा उचलावा आणि खालची तीन-चार इंच माती चाळून अळ्या मोजाव्यात. अंगणाच्या चार-पाच भागांत असे करून सरासरी काढावी. एका चौरस फुटात पाच किंवा त्याहून अधिक अळ्या निघाल्या, तर उपाय करण्यात अर्थ आहे; दोन-तीन निघाल्या, तर त्या कोणत्याही निरोगी हिरवळीत असतातच.

उपायाचा हंगाम चुकला तर पैसा मातीत जातो. अळ्या लहान आणि पृष्ठभागाजवळ असतात तो काळ टेक्ससच्या बहुतेक भागांत जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचा. वसंतात दिसणाऱ्या मोठ्या अळ्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही आणि त्या लवकरच कोषात जाणार असतात. रासायनिक औषध नको असेल, तर अळ्यांवर जगणारे उपयुक्त सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म कृमी, मिळतात. ते संध्याकाळी, भिजलेल्या मातीवर सोडावे लागतात, कारण ऊन त्यांना मारते. आपल्या काउंटीत नेमकी कोणती तारीख योग्य ते टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या ॲग्रिलाइफ विस्तार सेवेच्या स्थानिक कार्यालयात विचारता येते. आपल्याकडच्या कृषी विस्ताराचेच काम ही सेवा करते, आणि फक्त अंगण असलेल्या माणसाच्या प्रश्नालाही तेथे उत्तर मिळते.

एवढे करूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हुमणी संपली म्हणजे आर्माडिलो येणे थांबेलच असे नाही, कारण तो गांडुळेही तितक्याच आवडीने खातो आणि गांडुळे मारण्यात अंगणाचेच नुकसान आहे. म्हणून केवळ आर्माडिलोला घालवण्यासाठी सबंध अंगणावर कीटकनाशक फवारणे मला पटत नाही. गवताचे नुकसान होत असेल, तरच ते करावे.

डांबराच्या गोळ्या आणि लाल तिखट

हे दोन उपाय हमखास कोणीतरी सुचवेल, म्हणून त्यांविषयी स्पष्ट लिहितो. आर्माडिलोला पळवून लावणारे, खात्रीने चालणारे कोणतेही रसायन नाही. त्याच्यासाठी नोंदणी झालेले विष किंवा बिळात सोडायचा वायूही नाही. डांबराच्या गोळ्या बिळात टाकल्याने तो जात नाही, आणि शिवाय वेष्टनावर लिहिलेल्या उपयोगाव्यतिरिक्त अन्य प्रकारे त्या वापरणे अमेरिकेच्या कीटकनाशक कायद्याविरुद्ध आहे. लहान मुलाने किंवा कुत्र्याने त्या खाल्ल्या, तर प्रसंग गंभीर होतो. तिखट पहिल्या पाण्याबरोबर वाहून जाते. एरंडेल तेलावर आधारित मिश्रणे दुकानांत मिळतात, पण त्यांचा भरवसा देता येत नाही. हालचाल टिपून पाण्याचा झोत सोडणारे यंत्र वाफ्यांजवळ काही काळ उपयोगी पडते, परंतु प्राण्याला त्याची सवय होऊ शकते.

पाचवी पायरी: बीळ रिकामे आहे का ते पाहा आणि मगच बुजवा

बिळात हात कधीही घालू नये. एकाच आर्माडिलोची अनेक बिळे असतात आणि त्याने सोडलेल्या बिळांत ससे, ओपॉसम, स्कंक आणि साप राहतात. टेक्ससमध्ये त्या सापांत रॅटलस्नेक हा विषारी सापही असू शकतो. बिळाचे तोंड चुरगळलेल्या वर्तमानपत्राने किंवा वाळक्या पाल्याने सैलसर भरावे आणि तीन ते पाच रात्री वाट पाहावी. कागद जागचा हलला नाही, तर बीळ रिकामे आहे. हलला, तर आत कोणीतरी आहे आणि तूर्त बुजवता येणार नाही. थंडीच्या लाटेत तो काही दिवस बाहेर पडत नाही, म्हणून त्या दिवसांत ही चाचणी घेऊ नये.

येथे त्याच्या प्रजननाचा विचार करावाच लागतो. मीलन उन्हाळ्यात होते, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो काही महिने तसाच राहून हिवाळ्याच्या तोंडाशी गर्भाशयात रुजतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पिल्ले जन्मतात. ती जवळजवळ नेहमी चार असतात आणि एकाच फलित अंड्यापासून झाल्यामुळे चारही एकसारखी, एकाच लिंगाची असतात. पहिले काही आठवडे ती बिळातच राहतात. त्यामुळे मार्चपासून उन्हाळा सुरू होईपर्यंत बीळ बुजवण्याचे काम शक्य तो टाळावे. पिल्ले आत गाडली जाणे क्रूरपणाचे आहे, आणि घराच्या पायाखाली मेलेल्या प्राण्यांची दुर्गंधी पुढे कित्येक दिवस आपल्यालाच सोसावी लागते.

बीळ रिकामे असल्याची खात्री झाली की आत जाईल तेवढी खडी आणि माती ठासून भरावी व तोंडावर गॅल्व्हनाइझ्ड जाळी आडवी पसरून वर मातीचा थर द्यावा. नुसती माती भरली, तर ती उकरलेलीच असल्यामुळे पुन्हा उकरायला अधिक सोपी असते. बीळ काँक्रीटखाली बरेच लांब गेले असेल, तर आतली पोकळी भरण्याचे काम पाया दुरुस्त करणाऱ्या व्यावसायिकाकडून करून घ्यावे.

सहावी पायरी: कुंपण, पण मोजक्या जागेला

सबंध अंगणाला आर्माडिलो-रोधक कुंपण घालणे खर्चाचे आहे आणि सहसा अनावश्यक असते. भाजीचे वाफे, डेकची उघडी बाजू, वातानुकूलन यंत्राची जागा एवढे राखले तरी पुरते. जाळी जमिनीवर किमान दोन फूट उंच आणि जमिनीखाली दीड फूट पुरलेली असावी. तो खणतो तसाच थोडाफार चढतोही, म्हणून वरचा भाग बाहेरच्या बाजूला सुमारे 40 अंशांनी कललेला ठेवावा. उपनगरांतली लाकडी कुंपणे त्याला अडवत नाहीत, कारण फळ्यांच्या खालून तो सहज वाट काढतो.

खणायला सुरुवात करण्यापूर्वी काही दिवस आधी 811 या क्रमांकावर कळवणे बंधनकारक समजावे. गॅस, वीज आणि दूरसंचाराच्या भूमिगत वाहिन्या कोठून जातात हे संबंधित कंपन्यांची माणसे येऊन जमिनीवर रंगाने आखून देतात आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. गॅसच्या नळीवर फावडे बसण्यापेक्षा चार दिवस थांबणे परवडते.

कुष्ठरोगाविषयी

आर्माडिलो म्हटले की अमेरिकेत लगेच कुष्ठरोगाचा उल्लेख होतो, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्या रोगाभोवतीची भीती चांगली माहीत असते. वस्तुस्थिती अशी की आर्माडिलोच्या शरीराचे तापमान कमी, साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस असते, आणि कुष्ठरोगाच्या जंतूंना ते मानवते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही रुग्णांमध्ये आणि तेथील रानटी आर्माडिलोंमध्ये जंतूंचा एकच प्रकार असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. तरीही सुमारे 95 टक्के माणसांना या रोगाची लागण होतच नाही आणि झाली, तरी तो औषधांनी पूर्ण बरा होतो. अंगणातून आर्माडिलो चालत गेला, म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

काळजी मात्र साधी आणि ठरलेली आहे. त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, मेलेला असला तरी नाही. फावड्याने उचलावा आणि हातमोजे घालावेत. तो उकरतो त्या वाफ्यात काम करताना हातमोजे असावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि कोथिंबीर, मुळा अशी कच्ची खाण्याची भाजी नीट धुऊन घ्यावी. कुत्र्याला त्याच्यामागे सोडू नये; आर्माडिलो सहसा चावत नाही, पण त्याच्या नख्या कुत्र्याला जखमी करू शकतात. पुढे कधी त्वचेवर बधिर चट्टा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाला आर्माडिलोशी आलेला संपर्क आणि आपण भारतातून आलो आहोत ही दोन्ही माहिती आपणहून द्यावी. येथील बऱ्याच डॉक्टरांनी हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, त्यामुळे या दोन वाक्यांनी निदान लवकर होऊ शकते.

शेवटची पायरी: पिंजरा

वरचे सर्व करूनही पायाशी बीळ चालूच राहिले, तर पिंजऱ्याची वेळ येते. त्याआधी कायदा पाहावा. टेक्ससमध्ये जिवंत आर्माडिलो विकण्यास बंदी आहे, काही राज्यांत पकडलेला आर्माडिलो दुसरीकडे नेऊन सोडण्यासच मनाई आहे, आणि कोणाच्याही जमिनीवर मालकाच्या परवानगीविना प्राणी सोडता येत नाही. म्हणून टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाला आणि आपल्या शहराच्या प्राणी नियंत्रण कार्यालयाला आधी विचारावे. प्राणी पकडून त्याचे काय करायचे हे ठरले नसेल, तर पिंजरा लावूच नये.

पिंजरा सुमारे 32 इंच लांब, 10 इंच रुंद आणि 12 इंच उंच, किंवा त्याहून थोडा मोठा असावा. आमिषाचा फारसा उपयोग होत नाही. केळ्याची साल किंवा मांजराचे खाणे ठेवले, तर बहुधा ओपॉसम आणि शेजाऱ्याचे मांजर अडकते. आर्माडिलो भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने चालतो, या सवयीचाच फायदा घ्यावा. पिंजरा बिळाजवळ भिंतीला समांतर ठेवावा आणि त्याच्या तोंडापासून सहा-सहा फुटांच्या दोन फळ्या उभ्या, नरसाळ्याप्रमाणे पसरत जाणाऱ्या लावाव्यात, म्हणजे तो आपोआप आत वळतो. ज्या पिंजऱ्यात पूर्वी आर्माडिलो पकडला गेला आहे, त्याचा वास दुसऱ्याला आकर्षित करतो. म्हणून व्यावसायिकाचा जुना पिंजरा नव्या पिंजऱ्यापेक्षा अधिक चालतो. पिंजरा सूर्यास्ताला लावावा आणि सूर्योदयाला पाहावा. टेक्ससच्या उन्हात धातूच्या पिंजऱ्यातला प्राणी थोड्याच वेळात दगावतो.

व्यावसायिकाला बोलावणार असाल, तर तीन प्रश्न आधीच विचारावेत: परवाना आहे का, पकडलेल्या प्राण्याचे काय करणार, आणि बीळ बुजवण्याचे काम त्याच दरात धरले आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर खडी आणि जाळी आधीच आणून ठेवावी. आर्माडिलो पकडला गेल्यावर कागदाची चाचणी पुन्हा घ्यावी आणि आत दुसरे कोणी नाही असे दिसताच बीळ बुजवावे, कारण तयार रिकामे बीळ दुसऱ्या आर्माडिलोला सापडायला फार दिवस लागत नाहीत.